भिजत बदाम

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री अकराच्या सुमाराला बदाम भिजत पडतात. भोंगा वाजत नाही, कुणी दवंडी पिटत नाही, पण गल्लोगल्लीच्या भाड्याच्या खोल्यांत वाट्या निघतात आणि त्यांत पाच, सात किंवा अकरा बदाम पडतात. आकडा विषमच लागतो. सम आकड्याने बुद्धी वाढत नाही असं कुणाच्या तरी मावशीला कुणीतरी सांगितलेलं आहे, आणि एकेका मार्कावर हजारो मुलं मागे पडतात त्या ‘नीट’साठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, असली जोखीम कोण घेणार? सकाळी बदाम सोलायचे, पोराच्या हातावर ठेवायचे आणि तो ते चावून गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. गिळले की पोरगं सायकल काढून फिजिक्सच्या बॅचला, आणि सालं खिडकीतल्या तुळशीला. त्या भागातल्या तुळशींची बुद्ध्यांक चाचणी एव्हाना कुणीतरी घ्यायला हवी होती.

नांदेडला भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर या बाजूला हेच चालतं. फरक इतकाच, की लातूर मोठं की नांदेड हा वाद तिथेही सुटलेला नाही. लातूरकराला नांदेडमध्ये शिकवण्या आहेत हे ऐकू येत नाही आणि नांदेडकराला लातूर लागतं ते फक्त पुण्याला जाताना. बदामाच्या बाबतीत मात्र दोन्ही जिल्ह्यांचं एकमत आहे. एरवी अशी एकजूट पाण्याच्या प्रश्नावरही दिसत नाही.

नव्या पिढीला सांगितलं तर खोटं वाटेल, पण मूळ लातूर पॅटर्नमध्ये बदाम नव्हते. गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयाची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत रांगेने झळकायला लागली, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं नकाशात लातूर शोधायला लागली. त्या पॅटर्नमध्ये जादा तास होते, सराव परीक्षा होत्या आणि त्यांचे निकाल लावून पुन्हा सराव परीक्षा होत्या. याच महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे पॅटर्नची एक फांदी नांदेडलाही गेलीच. त्या काळी बोर्डात येणाऱ्या मुलाचा डबा गावाकडून एसटीने यायचा. कंडक्टरच्या सीटखाली डब्यांची चळत असे. आत ज्वारीच्या दोन-तीन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोरडं बेसन, आणि घरात सुगी चांगली झाली असेल तर लोणच्याच्या फोडीबरोबर गुळाचा खडा. डब्याला उशीर झाला की मुलगा स्टँडवर जाऊन उभा राहायचा आणि हातात पुस्तक असायचं. आज तो मुलगा कुठेतरी हृदयरोगतज्ज्ञ असतो आणि पेशंटला सांगतो, ‘लोणचं बंद करा.’

आता डबा येत नाही, आईच येते. अकरावीला प्रवेश झाला की गावाकडचं घर मधोमध दुभंगतं. बाप शेताकडे आणि म्हशीकडे, आई गॅसची शेगडी, दोन पातेली आणि देव घेऊन ट्यूशन एरियातल्या दहा बाय बाराच्या खोलीत. दोन वर्षं. मुलगा ‘रिपीट’ झाला तर तीन. बाप गावात हाताने पिठलं करायला शिकतो आणि सांगताना त्याला ‘रस्सा’ म्हणतो. आईला खोलीत दिवसभर दोनच कामं: स्वयंपाक आणि काळजी. ही दोन्ही कामं एकाच चुलीवर शिजतात आणि त्यातून जे तयार होतं त्याला हल्ली ब्रेन फूड म्हणतात.

या खोल्यांमधल्या आयांची एक अघोषित विद्यापरिषद आहे. तिची बैठक संध्याकाळी पाणी आलं की नळावर भरते. ‘आमच्या याला बदाम खाऊन खाऊन उष्णता झाली बगा.’ ‘मग अंजीर द्या की.’ ‘त्या पलीकडच्या पोरीला साडेसहाशे पडले, तिची आई बडीशेप, बदाम अन् खडीसाखर कुटून दुधात देती म्हने.’ दुसऱ्या दिवशी वीस खोल्यांतून खलबत्त्याचे आवाज येतात. त्या साडेसहाशेवाल्या मुलीने दोन वर्षांत एकही सराव परीक्षा बुडवलेली नाही, ही माहिती नळापर्यंत कधी पोचत नाही. आमच्या वहिनीही या परिषदेच्या सदस्य होत्या. एकदा फोन करून मला म्हणाल्या, ‘भावजी, बदाम खायलाय, तरी मार्क कमीच पडायलेत. अक्रोड सुरू करावं का?’ मी म्हटलं, ‘वहिनी, त्याला आधी झोपू द्या.’ त्यांनी फोन ठेवला. झोप किलोवर मिळत नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसत नाही.

किलोवर मिळतं ते गंजगोलाईत. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी सुकामेव्याचं दुकान चुकत नाही. दुकानदार आधी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो. ‘अकरावी का बारावी?’ अकरावी म्हटलं की तो कॅलिफोर्निया बदाम दाखवतो. बारावी म्हटलं की गुरबंदी. ‘नीट रिपीट’ असं हळू आवाजात सांगितलं की तो मागच्या फळीवरून मामरा काढतो. भाव ऐकून बाप एक पाऊल मागे सरकतो, पण आई तिथेच उभी असते. तेवढ्यात दुकानदार अक्रोड फोडून अर्धा दाणा पुढे धरतो. ‘बगा साहेब, मेंदूवानीच दिसतंय का नाही?’ दिसतो, नाकारता येत नाही. याच हिशेबाने राजम्याने मूत्रपिंड सुधारावं आणि दोडक्याने काय सुधारावं ते मी लिहीत नाही. युरोपात एकेकाळी औषधांची एक अख्खी विद्या या दिसण्यावर उभी होती. तिकडे ती मोडीत निघून काही शतकं झाली, गोलाईत मात्र ती अजून काउंटरवर बसते.

या सगळ्या प्रकरणात ज्याच्यासाठी ही धावपळ चालते त्या मेंदूचा स्वभाव कुणी विचारात घेत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोच्या आत-बाहेर भरतो. म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के. आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली वीसेक टक्के हा एकटा खातो. वजनाने दोन, खाण्यात वीस आणि कामाचं विचारावं तर ‘विचार चाललाय’ असं उत्तर: घरोघरी असा एक जावई असतो. त्याला लागते मुख्यतः साखर, म्हणजे ग्लुकोज, दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम. पण ती चमच्याने पाजावी लागत नाही. भाकरी, भात, डाळ, जे पोटात जाईल त्यातून शरीर ती काढून देतं, आणि उपाशी राहिलं तर यकृत साठ्यातून देतं. परीक्षेच्या तोंडावर ग्लुकोजची पावडर घोळून प्यायली म्हणून त्रिकोणमिती लवकर सुटत नाही. रक्तातली साखर शरीर एका पट्ट्यातच ठेवतं; वरून ओतलेली साखर कंबरेकडे रवाना होते.

बरं, जास्त अभ्यास केला तर मेंदू जास्त खातो का? आमचा पुतण्या रात्री दीड वाजता खोलीचा दिवा लावून हाक मारायचा, ‘आई, अभ्यास करून लई भूक लागली.’ आई उठून धपाटं थापायची. या भुकेवर कॅनडात संशोधन झालेलं आहे. क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात १४ विद्यार्थिनींना आधी पाऊण तास नुसतं बसवलं, मग दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ वाचन करून सारांश लिहायला लावला, तिसऱ्या दिवशी संगणकावर चाचण्या दिल्या, आणि प्रत्येक वेळी नंतर हवं तेवढं जेवायला वाढलं. २००८ साली निकाल छापून आला. डोकं चालवण्यात नुसतं बसण्यापेक्षा तीनच कॅलरी जास्त खर्च झाल्या होत्या आणि पोरी जेवल्या मात्र दोनशे कॅलरींनी जास्त. तीन कॅलरी म्हणजे भाकरीचा कोपराही नाही. मी हे वहिनींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘कॅनडात धपाटे मिळत नसतील, म्हणून दोनशेवर थांबल्या.’

आता बदाम. बदाम वाईट नाही, हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर गंजगोलाईतून जाता येणार नाही. ई जीवनसत्त्व चांगलं, चरबी चांगली. पण ज्या प्रथिनांसाठी बाप एक पाऊल मागे सरकतो ती शंभर ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम असतात आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५. ज्या ओमेगा-३ नावाच्या चरबीसाठी मेंदूचं नाव घेतलं जातं ती बदामात जवळपास नसतेच. अक्रोडात असते, आणि आपल्याकडे भाकरीबरोबर चटणी करून खातात त्या जवसात अक्रोडाच्या दुपटीहून जास्त असते. आता वनस्पतींमधली ही चरबी मेंदूला लागते त्या रूपात बदलायला शरीर फारच कंजूषपणा करतं, हेही खरं; मासे खाणाऱ्याला ती तयार मिळते. पण माळकरी घरात गोदावरीच्या माशाचा विषय निघत नाही, आणि जवस गरिबाचं म्हणून त्याला कुणी रात्री वाटीत भिजत घालत नाही. जवसाला मामरा-गुरबंदी अशी घराणी नाहीत, तिथेच ते मागे पडलं.

शहाण्या परदेशी माणसांनी मात्र मेंदूचा आहार म्हणून चक्क यादी केलेली आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘माइंड’ नावाचा आहार मांडला. रोज पालेभाजी, आख्खं धान्य, वरचेवर डाळी-शेंगा, सुकामेवा. तळलेलं, गोड, लोणी कमी. ही यादी वाचून मला वाटलं की बाई वेळ अमावस्येला लातूरकडे येऊन गेल्या असाव्यात. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, सगळं लातूर शेतात असतं. शहरात त्या दिवशी पाहुणा आला तर त्याला चहासुद्धा मिळत नाही. ज्वारीच्या पेंढीच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि पानात भज्जी येते: हिरवे वाटाणे, ओला हरभरा, तुरीचे दाणे, पावटा, पालक-मेथी-चुका, शेतात आणि बाजारात जे हिरवं दिसेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे. वर ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून, लसूण लावून केलेली अंबिल, मातीच्या बिंदग्यातून. पोटातले जंतू आणि मेंदू यांच्यात काय बोलणं चालतं यावर सध्या जगभर संशोधन चालू आहे. अंबिलीचे चार तांबे झाल्यावर ते बोलणं बंद पडतं आणि माणूस कोपीतच आडवा होतो, एवढं आमचं निरीक्षण. वर्षातला तो एक दिवस मेंदूचा आहार असतो. बाकीचे दिवस मैद्याचे.

त्या ‘माइंड’ आहाराची पुढची हकीकतही सांगायला हवी. तो खरंच चालतो का हे तपासायला सहाशेवर वयस्क माणसांची तीन वर्षं रीतसर चाचणी घेतली. निकाल २०२३ साली आला: हा आहार घेणारे आणि नेहमीचंच पण थोडं कमी खाणारे, दोघांच्याही बुद्धीची परीक्षा जराशी सुधारली आणि दोघांत धरण्यासारखा फरक निघाला नाही. ही बातमी मी मुद्दामच वहिनींपासून लपवून ठेवली. त्यांनी तिचा अर्थ ‘काहीही खाल्लं तरी चालतं’ असा काढला असता, आणि पुतण्याने तो आधीच काढलेला होता.

ज्यांच्या आया खोली करून राहू शकत नाहीत त्यांना मेस. मेसवर लिहिताना माझा हात जड होतो, कारण मेसवाल्या काकूंचं गणित नीटच्या फिजिक्सपेक्षा अवघड असतं: महिन्याचे ठरलेले पैसे, गॅसचा भाव आणि दोनशे पोरं. तरीही. देशभर जिथली तूरडाळ जाते, जिथल्या आडतीवरचा सोयाबीनचा भाव बघून बाकीचे बाजार हलतात, ज्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळालं, त्या लातुरात मेसच्या वरणात डाळ सापडत नाही. वाटीचा तळ स्वच्छ दिसतो. मुलं म्हणतात, वरण नाही, वरणाची आठवण आहे. भाजीत बटाटा सोमवारी चौकोनी, मंगळवारी गोल, बुधवारी लांब. गुरुवारी सोयावडी. सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या भागाची ती वडी असते आणि तिच्यात निम्मं वजन प्रथिनांचं असतं. सबंध मेसमध्ये मेंदूच्या उपयोगाची तिच्याइतकी दुसरी वस्तू नाही. आणि ताटाच्या कडेला तीच काढून ठेवलेली असते. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. मग नांदेडची पोरं गुरुद्वाऱ्यात लंगरला जातात. तिथे डाळीत डाळ असते, भात-रोटी हवी तेवढी वाढतात आणि कुणी विचारत नाही की मॉकला किती पडले. शेवटचा गुण मला प्रथिनांहून मोठा वाटतो.

लातूरच्या पोरांना लंगर नाही, पण निलंगा राइसचा गाडा आहे आणि त्याच्या शेजारी उकडलेल्या अंड्यांचा. या अंड्याच्या गाड्याभोवती रात्री नऊला जी गर्दी होते तिच्यातली निम्मी मुलं माळकरी घरची असतात. गळ्यातली माळ शर्टाच्या आत, तोंड भिंतीकडे. पाप करतोय या भावनेने ती जे खातात ते नेमकं बी-१२ असतं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही म्हटलं तरी चालेल. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतच ते असतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या, थकवा, आणि वाचलेलं डोक्यात न राहणं. राज्य सरकारनेही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं. न खाणाऱ्याला केळं, त्यामुळे अर्धापूरचे केळीवालेही खूश होते. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि अंडं लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. रात्री नऊला गाड्यापाशी जो चालतो तो लोकसहभागच म्हणायचा.

पावडरींचंही सांगून टाकतो. दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरींवर धावणारी, उड्या मारणारी, पहिली येणारी मुलं छापलेली असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना कळवलं, की बॉर्नव्हिटासकट ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असलं काही सदरच नाही. दुकानांनी काढली. घरांनी नाही. पोरगं दूध पितंय ना, मग त्यात काय का असेना, हा आयांचा मुद्दा आहे आणि मला तो सरकारच्या मुद्द्याइतकाच पटतो.

खरी गंमत यापुढे आहे, आणि ती कुठल्याच डब्यावर छापलेली नसते. बारावीच्या पोराच्या मेंदूचा पाया बारावीत पडत नाही. तो आईच्या पोटात असताना आणि पुढच्या दोन वर्षांत पडतो. लोह, आयोडीन, बी-१२, फोलेट यांची खरी गरज तेव्हाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्या मागावर आहेत. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि थोडा वेळ लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. म्हणजे मार्क कापायला तेव्हापासून सुरुवात. हे नळावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. अठरा वर्षांपूर्वी काय खाल्लं होतं, असं कुठल्या आईला विचारणार? तिला सासरी काय वाढलं होतं ते सासूला विचारायला हवं.

आणि आजही तिला काय वाढलं जातं? ट्यूशन एरियातल्या कुठल्याही खोलीत दुपारी दोनला डोकावून बघा. पोराला भाजी, वरण, भाकरी, वर तूप, काकडी, दही आणि सातवा बदाम देऊन झालेला असतो. आई सकाळच्या उरलेल्या भाकरीचा काला ठेच्याशी खाते आणि लगेच वर कपभर चहा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींना पांडुरोग आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. जेवणावर लगेच घेतलेला चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलं तर उलट ते जास्त लागतं. शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी २०१८ साली काढली. ती ज्वारी यांच्या खोलीत येईल तेव्हा येईल, लिंबू तर आत्ता पाच पावलांवर गाड्यावर आहे. मी वहिनींना एवढंच म्हणालो, की जेवल्यावर तासभर चहा नको. त्या म्हणाल्या, ‘चहा सोडला तर मला झोप येती, अन् मी झोपले तर हा झोपतो.’ त्यावर माझ्याकडे संशोधन नव्हतं.

पाण्याचंही असंच. मेंदूच्या वजनात पाऊण वाटा पाण्याचा आणि अंगातलं पाणी थोडं जरी कमी झालं तरी लक्ष उडतं, डोकं दुखतं. हे लातूरकराला कुणी शिकवू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली होती, तेव्हाची पोरं घागरींच्या रांगेत उभी राहून अवयव संस्था पाठ करत होती. त्या वर्षीही लातूरचे निकाल लागलेच. त्यामुळे ‘पाणी पी’ म्हटलं की इथलं पोरगं अजूनही आधी टाकीकडे बघतं.

परीक्षेचा दिवस मात्र सगळ्या आहारशास्त्राची परीक्षा पाहणारा. नीट असते मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दोन ते पाच. जेवून-न जेवून, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला माणसाच्या अंगात आपोआपच झापड येते. मराठवाड्यात त्या वेळी कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरखाली असतात. नेमकी तीच वेळ देशाने भावी डॉक्टर निवडायला ठेवली आहे. दीडला फाटक बंद. त्यामुळे साडेअकराला पोराला जेवायला बसवतात आणि तिथे नळावरच्या विद्यापरिषदेत उभी फूट पडते. एक गट दहीभाताचा, पोटाला थंड. दुसरा म्हणतो भाताने झोप येते, भाकरीच बरी. तिसरा गट शिरा-पुरीचा, शुभ म्हणून. शेवटी पोरगं तिन्ही गटांचं थोडं थोडं खातं, वर दहीसाखर, मग देवळाचा प्रसाद, मग रिक्षात बसताना बापाने खिशातून काढलेला पेढा. पोटात असं बहुमताचं सरकार घेऊन ते १८० प्रश्न सोडवायला आत जातं.

बाहेर रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली, कॉलेजच्या भिंतीच्या हातभर सावलीत आई-बाप तीन तास बसतात. निम्म्या आयांना त्या दिवशी उपवास असतो. मार्क त्याला पडायचेत, उपवास हिला. सकाळी साबुदाणा खाल्लेला. त्यात निव्वळ पिष्ट, प्रथिनं शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. अशा वेळी शेंगदाणेवाला येतो. भाजलेले खारे शेंगदाणे उपवासाला चालतात, बिनउपवासाला तर चालतातच. पुड्या सुटतात. तिथे बसल्या बसल्या पालकांच्या पोटात तीन तासांत जेवढी प्रथिनं आणि चांगली चरबी जाते तेवढी पोरांना महिन्याभरच्या मेसमध्ये मिळालेली नसते. परिणाम लगेच दिसतो. तीनच्या सुमाराला गप्प असलेली माणसं चारला कट-ऑफवर बोलायला लागतात. नांदेडच्या शासकीय मेडिकलला गेल्या वर्षी कुठल्या प्रवर्गाला कितीवर थांबलं, लातूरला किती, दुसऱ्या फेरीत किती खाली येतं, हे आकडे कागदाशिवाय, बिनचूक, सगळ्या प्रवर्गांसकट. वहिनींना तर मागच्या तीन वर्षांचे पाठ होते. शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘ताई, तुम्हीच का नाही बसलात?’

‘आमच्या वेळेला बदाम नव्हते ना,’ वहिनी म्हणाल्या आणि पुडीतले शेवटचे चार दाणे तोंडात टाकले.

पाचला फाटक उघडलं. दोन वर्षांचे बदाम, अक्रोड, अंजीर, खडीसाखर आणि ब्राह्मीची बाटली पचवून पुतण्या बाहेर आला. आईने पाण्याची बाटली पुढे केली, बापाने पेपर कसा गेला ते विचारायला तोंड उघडलं, पण पुतण्याचं लक्ष त्यांच्या पलीकडे कोपऱ्यावर होतं.

‘ते नंतर सांगतो,’ तो म्हणाला. ‘आधी पाणीपुरी. तिखट.’